जूनमध्ये ३१ मुली, ऑगस्टअखेर ९: उरलेल्या २२ जणी कुठे गेल्या?

सर, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बीड जिल्ह्यातल्या एका गावची माध्यमिक शाळा, तुमचं तिथलं दुसरं वर्ष. जूनमध्ये तुम्ही मुलींसाठी खो-खो आणि कबड्डीचा सराव सुरू केलात, शाळा सुटल्यावर ५ ते ६.३०. ३१ जणींनी नावं दिली, ऑगस्ट संपेपर्यंत ९ उरल्या. गळालेल्यांत बहुतेक आठवी-नववीच्या. कारण विचारलं की खाली मान घालून "सर, जमत नाही" एवढंच उत्तर. मुख्याध्यापकांचं म्हणणं, मुलींना मुळात खेळाची आवडच नसते. आणि तुम्ही विचारताय की आता या ९ जणींवरच लक्ष द्यावं का, आणि तालुका स्पर्धेला उतरावं का.

शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात मी २३ वर्षं मुलींना खो-खो शिकवते आहे. माझ्या पहिल्या तीन वर्षांत अगदी हेच झालं होतं. नावं भरपूर यायची, श्रावण सरेपर्यंत मैदान ओकंबोकं. तेव्हा मीही मुलींनाच दोष दिला होता, त्यामुळे तुमची तगमग मला कळते.

आवडीचा मुद्दा आधी बाजूला काढू. आवड नसती तर ३१ मुलींनी नावंच दिली नसती. आवड घेऊनच त्या आल्या होत्या. आल्यावर रोज त्यांना काय काय ओलांडावं लागत होतं, ते शोधायचं आहे. माझ्या अनुभवात अशा गळतीमागे एकच कारण क्वचित असतं. चार-पाच बारीक अडचणी असतात. त्यातली एखादी असली तर मुलगी निभावून नेते, तीन एकत्र आल्या की ती गप्प बसते आणि येणं थांबवते. तुमच्या शाळेत नेमक्या कोणत्या तीन आहेत हे मी इथून सांगू शकत नाही. मुली किती लांबून येतात, शाळेत शिक्षिका किती आहेत, मैदान रस्त्याला लागून आहे की आत, यावर बरंच अवलंबून आहे. तुम्ही पुरुष शिक्षक आहात याचाही परिणाम आहे, त्याबद्दल पुढे लिहिते.

सुरुवात चिठ्ठ्यांपासून करा. वर्गात उभं करून विचारलंत तर "जमत नाही" हेच ऐकायला मिळेल. एखाद्या शिक्षिकेला सांगा की ३१ जणींना एकत्र बसवून, तुम्ही तिथे नसताना, बिननावाच्या चिठ्ठ्या लिहून घ्या. "का सोडलं?" असं मात्र विचारू नका. त्याने मुलीला वाटतं की आपण गुन्हा केला. त्याऐवजी विचारा: सकाळी किती वाजता उठतेस, शाळेआधी घरचं काय काम करतेस, शाळा सुटल्यावर घरी कशी जातेस, पोचल्यावर पहिलं काम कोणतं, सरावात कोणत्या क्षणी नकोसं वाटलं. मी पहिल्यांदा अशा चिठ्ठ्या घेतल्या तेव्हा "खेळ आवडत नाही" असं एकीनेही लिहिलं नव्हतं. बहुतेकींनी बस लिहिली होती. दोघींनी लिहिलं होतं, "मुलं कट्ट्यावर बसून बघतात." एकीने लिहिलं होतं, "माझी सलवार पडेल असं वाटतं म्हणून मी पळत नाही." नाडीची सलवार घालून पळणारी ती मुलगी मी वर्षभर आळशी समजत होते. ती चिठ्ठी अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे.

आता बस. तुम्ही प्रश्नात बसचा उल्लेख केलेला नाही, पण माझा पहिला संशय तिच्यावरच आहे. आपल्या भागात पाचवी ते बारावीच्या मुली एसटीच्या मोफत पासवर, अहिल्याबाई होळकर योजनेतून, शाळेत येतात. बऱ्याच तालुक्यांत खास मुलींसाठी मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या बसही आहेत. ही बस शाळा सुटण्याच्या वेळेला लागते आणि निघून जाते. त्यानंतर वाडीवस्तीवर जायला वडापची जीप असते, तिला पैसे पडतात आणि ती भरल्याशिवाय हलत नाही. तुमचा सराव ५ वाजता सुरू होतो म्हणजे बसने येणाऱ्या प्रत्येक मुलीला तुम्ही नकळत सांगताय की बस सोड आणि खेळ. पहिले पंधरा दिवस वडील किंवा भाऊ मोटारसायकल घेऊन आले असतील. पेरणी झाली, खुरपणी आली, ते थांबले. तुमच्या ९ जणींचे पत्ते तपासून बघा. माझा अंदाज असा की त्यातल्या सात-आठ तरी शाळेच्याच गावातल्या असतील. तसं निघालं तर तुम्ही निवडलेला गट जिद्दी मुलींचा नाही, जवळ राहणाऱ्या मुलींचा आहे. तुमची सर्वांत वेगवान धावपटू कदाचित पाच किलोमीटरवरच्या वस्तीवर राहते आणि ती तुम्ही अजून पाहिलेलीच नाही.

म्हणून सराव शाळेच्या वेळेत आणा. हे अवघड वाटतं, पण जमतं. वेळापत्रकात शारीरिक शिक्षणाचे तास असतातच. ते शेवटच्या तासाला लावून घ्या आणि आठवी-नववीचे एकत्र करा. मी आठवड्यातून तीन दिवस शेवटचा तास मागून घेतला, साधारण ४० मिनिटं. बदल्यात शाळेतलं आणखी एक काम अंगावर घेतलं, तेव्हा ज्यांचा तास गेला त्या गणिताच्या सरांची कुरकुर थांबली. ४० मिनिटं कमी वाटतील. पण दीड तासाच्या सरावात एक मुलगी प्रत्यक्ष किती वेळ हालते ते एकदा घड्याळ लावून बघा. रांगेत उभं राहणं, सूचना ऐकणं, पाळीची वाट बघणं हे वजा केलं तर फार थोडं उरतं. मी पाच-पाच, सहा-सहा जणींचे छोटे गट करते. अर्ध्या मैदानावर आखूड खो-खो, दुसऱ्या अर्ध्यावर हुलकावणी आणि सूर. कुणीही दोन मिनिटांपेक्षा जास्त उभी राहत नाही. असे तीन दिवस पुरेसे होतात.

बसची वेळच बदलून घेता येते का, तेही बघा. मुख्याध्यापकांच्या सहीचं आणि शाळा व्यवस्थापनाच्या ठरावाचं पत्र आगारात द्या, सोबत मुलींची गावनिहाय संख्या जोडा. मला दुसऱ्या पत्रानंतर आठवड्यातले दोन दिवस बस २० मिनिटं उशिरा सोडून मिळाली. दरवेळी मिळेलच असं नाही. मागायला मात्र संकोच करू नका.

वेळेचा आणखी एक हिशोब आपल्या जिल्ह्यांत करावाच लागतो, तो ऊसतोडीचा. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात आणि मार्च-एप्रिलला परततात. काही मुली आईवडिलांबरोबर फडावर जातात. मागे राहतात त्यांच्यावर आजी, लहान भावंडं आणि चूल येते. या मुली डिसेंबरमध्ये सरावाला येत नाहीत तेव्हा त्यांची नावं कापू नका. मी वर्षाचे दोन भाग करते. जून ते दिवाळी भरगच्च, नवीन कौशल्यं, स्पर्धा. दिवाळीनंतर हलका भाग, आठवड्यातून एक-दोन दिवस, फक्त खेळ. फडावरून परतलेली मुलगी एप्रिलमध्ये मैदानाच्या कडेला येऊन उभी राहते. तेव्हा तिचं नाव हजेरीत आहे आणि तिचा गट तिला हाक मारतोय, एवढं झालं की ती जूनमध्ये परत येते.

कपड्यांबद्दल बोलायला आपण शिक्षक लाजतो आणि त्याची किंमत मुली देतात. सातवी-आठवीत शरीर बदलतं. आधार नसेल तर पळताना, उडी मारताना छाती दुखते आणि सगळे बघताहेत असं वाटतं. मग मुलगी हात छातीशी घेऊन, पाठीला पोक काढून पळते. आपण तिला ओरडतो, "हात मोकळे सोड!" हे तुम्ही तिच्याशी बोलू नका. शिक्षिका, आरोग्य केंद्रातल्या सिस्टर किंवा आशाताई यांच्याकडून एकदा मुलींना समजावून सांगा की खेळताना घट्ट बसणारी स्पोर्ट्स ब्रा वापरायची, ती नसेल तर नेहमीच्या ब्रावर घट्ट स्लिप घालायची. मी शाळेच्या क्रीडा निधीतून वेगवेगळ्या मापांच्या घेऊन ठेवल्या आणि वाटपाचं काम दहावीच्या दोघींकडे दिलं.

गणवेश गडद रंगाचा निवडा. पांढरी चड्डी आणि पातळ पांढरा टी-शर्ट मुलींच्या संघाला कधीही देऊ नका. डाग पडेल ही भीती डोक्यात असली की सूर मारता येत नाही. ही भीती फक्त खेड्यातली नाही. विम्बल्डनसारख्या पांढऱ्या कपड्यांच्या नियमावर अडून बसलेल्या स्पर्धेनेही २०२३ पासून स्त्री खेळाडूंना पांढऱ्या स्कर्टखाली गडद रंगाची चड्डी घालायला परवानगी दिली. सरावाला ट्रॅक पँट, लेगिंग, इलॅस्टिकची सलवार, ज्यात मुलीला मोकळं वाटेल ते चालू द्या. ओढणी मात्र बाजूला ठेवायला लावा, गळ्यात अडकते. आणि "बाजूला ठेव" असं सांगण्याआधी टी-शर्ट पुरेसा सैल आणि लांब आहे ना, हे बघा. स्पर्धेच्या वेळी पूर्ण पँट चालेल का, हे आयोजकांना आधीच विचारून ठेवा, म्हणजे ऐनवेळी मैदानात मुलीची कुचंबणा होत नाही.

पाळीसाठी माझा एकच नियम आहे: कारण विचारायचं नाही. सरावाच्या सुरुवातीला मी सांगते, आज कुणाला पूर्ण खेळायचं, कुणाला हलकं खेळायचं, कुणाला गुण लिहायचे किंवा शिट्टी घेऊन पंचगिरी करायची, ज्याने त्याने आपलं ठरवा. हे रोज सांगते, मुलग्यांनाही सांगते, म्हणजे हलकं खेळणारी मुलगी वेगळी उठून दिसत नाही. पाळीत खेळल्याने काही अपाय होत नाही, उलट बऱ्याच जणींना हालचालीने बरं वाटतं, हेही शांतपणे सांगायला हवं. पण निर्णय तिचा. शौचालयाला आतून कडी हवी, बादलीत पाणी हवं, झाकणाचा डबा हवा आणि पॅड कुणालाही न मागता घेता येतील अशा जागी हवेत. कपाटाची किल्ली शिपाईमामांकडे असेल तर त्या पॅडचा काही उपयोग नाही. काही घरांत अजून चार दिवस बाजूला बसवतात. त्या घराशी पहिल्याच वर्षी भांडू नका. मुलगी पाचव्या दिवशी परत येते ना, एवढं बघा. आईशी ओळख वाढली की हळूहळू बोलता येतं. मात्र एखादीला दर महिन्याला असह्य दुखत असेल, रक्तस्राव फार होत असेल किंवा सुरू झालेली पाळी तीन महिने आलीच नसेल, तर शिक्षिकेमार्फत डॉक्टरांकडे पाठवा. खेळाचा ताण वाढला आणि खाणं अपुरं पडलं तरीही पाळी थांबते. "बरं झालं, कटकट गेली" असं मुलींना वाटतं, म्हणून आपण लक्ष ठेवायचं.

खाण्याचा विषय निघालाच आहे तर इथे थोडं थांबते, कारण या बाबतीत माझ्या हातून चूक झाली होती. सुरुवातीच्या वर्षांत मी सकाळी ६ वाजता सराव घ्यायचे आणि उशिरा येणाऱ्या मुलींना मैदानाच्या पाच फेऱ्या मारायला लावायचे. एक नववीतली मुलगी चौथ्या फेरीत कोसळली. दवाखान्यात कळलं की तिचं हिमोग्लोबिन ७ च्या आसपास होतं. ती पहाटे चारला उठून पाणी भरून, भाकऱ्या थापून, काही न खाता यायची. उशीर त्यामुळेच व्हायचा. त्या दिवसापासून पळणं ही शिक्षा माझ्या मैदानावर नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला होता. म्हणजे तुमच्या ३१ जणींतल्या निम्म्याहून अधिक मुलींना दम लागतो तो आळसाने नाही, हे धरूनच चालायला हवं. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी नीट दिली जाते ना ते बघा. बऱ्याच मुली मळमळते म्हणून ती दप्तरात टाकतात. जेवणानंतर घेतली तर त्रास कमी होतो. गोळीवर लगेच चहा नको, लिंबू किंवा आवळा चालतो. वर्षारंभी प्राथमिक आरोग्य केंद्राला पत्र देऊन हिमोग्लोबिन तपासून घ्या आणि आकडे वर्गात वाचून दाखवू नका. सरावाआधी मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा, इतकं तरी पोटात जायलाच हवं. आमच्याकडे हा खर्च गावातल्या एका किराणा दुकानदाराने उचलला. आणि मुलीच्या वजनाबद्दल, जाडेपणाबद्दल, रंगाबद्दल मैदानावर एकही शब्द नको. तुमचा नको, सहकाऱ्यांचा नको, मुलांचा तर अजिबात नको.

गुडघ्यांबद्दल थोडक्यात. वयात आल्यानंतर मुलींमध्ये गुडघ्याचा एसीएल हा अस्थिबंध दुखावण्याचं प्रमाण मुलांपेक्षा जास्त असतं, आणि खो-खोत अचानक थांबणं, वळणं, कबड्डीत एका पायावर उतरणं सतत चालतं. उडीवरून उतरताना मुलीचे गुडघे आत, एकमेकांकडे झुकतात का, ते समोर उभं राहून बघा. दोन्ही पायांवर, गुडघे वाकवून, आवाज न करता उतरायला शिकवा. फिफाने फुटबॉलपटूंसाठी '११ प्लस' नावाचा वॉर्म-अप तयार केला आहे. त्यातले उड्या आणि तोल सांभाळण्याचे व्यायाम मी आमच्या सुरुवातीच्या आठ मिनिटांत बसवले आहेत. चारच व्यायाम, पण दर वेळी.

मैदान कुणाचं, हा प्रश्न तुमच्या शाळेत असणारच. मुलांचं क्रिकेट पसरत जातं आणि मुली कोपऱ्यात सरकतात. तोंडी समजुतीवर राहू नका. सोमवार, बुधवार, शुक्रवार शेवटच्या तासाला मैदान मुलींचं, असं मुख्याध्यापकांच्या सहीने फलकावर लावा. खो-खोचं मैदान २७ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद, महिला कबड्डीचं १२ बाय ८. ही दोन्ही रस्त्यापासून दूरच्या बाजूला कायमची आखून ठेवा, खांब रोवून टाका. रोज आखावं लागणारं मैदान रोज हिरावून घेता येतं. कट्ट्यावर बसून बघणाऱ्यांना हाकलण्यात शक्ती घालवण्यापेक्षा मी त्या बाजूला दहावीच्या मुलांचं व्हॉलीबॉल लावलं. हात रिकामे राहिले नाहीत, बघे आपोआप कमी झाले.

आता तुमच्याबद्दल, आणि हे मी आपुलकीने सांगते आहे. पुरुष शिक्षक मुलींना उत्तम शिकवू शकतो. पण काही गोष्टी पहिल्या दिवसापासून ठरलेल्या हव्यात. मैदानावर एक प्रौढ स्त्री कायम असावी. शिक्षिका नसेल तर एखादी आई किंवा शाळेची माजी विद्यार्थिनी चालेल. कबड्डीची पकड स्वतः मुलीला धरून दाखवू नका. घोटा पकड असो की साखळी, दोन मुलींना पुढे घेऊन तोंडी सांगत करून घ्या. हात लावणं भागच असेल तर आधी विचारा आणि सगळ्यांसमोरच. मुलींना वैयक्तिक मेसेज पाठवू नका. आयांचा गट करा, त्यात शिक्षिका असू द्या, निरोप तिथेच जाऊ द्या. स्पर्धेला मुक्कामी जाताना सोबत शिक्षिका असल्याशिवाय बस हलवू नका. शाळेतली तक्रारपेटी आणि मुलींच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती कागदावर आहेत की खरोखर चालतात, ते बघा. समितीतल्या एका सदस्येची ओळख मुलींना नावानिशी करून द्या. मुलीच्या लैंगिक छळाची एखादी गोष्ट कानावर आलीच तर बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याने ती पोलिसांना कळवणं आपल्यावर बंधनकारक आहे. शाळेची बदनामी होईल म्हणून घरगुती समझोता करायला कुणी सांगितलं तरी थांबू नका. हे सगळं तुमच्यावर संशय म्हणून नाही. आईला हे दिसलं की ती मुलगी पाठवते, आणि तुमचंही रक्षण होतं.

पालकांची सभा घ्याल तेव्हा आयांना बोलवा आणि त्यांच्या सोयीच्या वेळी घ्या. माझी एक जुनी सभा आठवते. मी माण तालुक्यातल्या मोहीसारख्या दुष्काळी गावातून आलेल्या ललिता बाबर यांची गोष्ट सांगितली: शाळेत खो-खो खेळणारी मुलगी २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पोचली आणि दहावी आली. मला वाटलं, सभा जिंकली. मागच्या रांगेतली एक आई उठून म्हणाली, "मॅडम, ते समदं खरं. माझी पोरगी किती वाजता घरी येईल तेवढं सांगा." तिचा प्रश्नच खरा होता. तेव्हापासून मी सभेत पहिल्यांदा वेळ सांगते, मग सोबत कोण असेल ते, मग बाकीचं. मोठ्या खेळाडूंची नावं मुलींना सांगावीत, त्यांना ती हवी असतात. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला आणि प्रियांका इंगळेच्या नेतृत्वाखाली आपल्या मुलींनी तो जिंकला, तेव्हा आमच्या मैदानावर आठवडाभर प्रत्येकीला प्रियांका व्हायचं होतं. आईला मात्र आधी दिवेलागणीचं उत्तर हवं.

नोकरीचं आमिष दाखवू नका. सरकारी भरतीत खेळाडूंना ५ टक्के समांतर आरक्षण आहे, दहावी-बारावीला क्रीडागुणही मिळतात, पण त्याला ठराविक पातळीवरचा सहभाग किंवा यश आणि प्रमाणपत्रांची पडताळणी लागते. सगळ्या मुलींना ते मिळणार नाही. जे मिळणार नाही ते कबूल करून बसलात तर दोन वर्षांनी तीच आई धाकटीला पाठवणार नाही.

एक गोष्ट लिहू की नको, असा विचार करत होते. पण प्रश्न आठवी-नववीच्या मुलींचा आहे म्हणून लिहिते. काही मुली सराव सोडत नाहीत, त्यांचा सराव सोडवला जातो, कारण घरात स्थळं बघणं सुरू झालेलं असतं. अचानक गप्प झालेली, अंगावर नवी साडी किंवा हळद दिसलेली, "आता नाही येणार" म्हणणारी मुलगी दिसली तर तिला सरावाबद्दल विचारत बसू नका. १८ वर्षांखालच्या मुलीचं लग्न हा गुन्हा आहे, गावात ग्रामसेवक हे बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात, आणि १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर कुणीही कळवू शकतं. मैदानावर रोज दिसणारी मुलगी एक दिवस दिसली नाही तर ते कळणारे पहिले आपणच असतो. माझ्या मते मुलींचा सराव टिकवण्याचं हे फार मोठं कारण आहे.

इतकं सगळं एकदम करायला जाऊ नका. या महिन्यात तीनच गोष्टी करा: चिठ्ठ्या, वेळ शाळेच्या आत आणणं आणि मैदानाचं पत्रक. कपडे, पॅड, शेंगदाणे पुढच्या महिन्यात. आरोग्य तपासणीचं आणि आगाराचं पत्र आजच टाका, कारण त्याला वेळ लागतो.

राहिला तुमचा मूळ प्रश्न. ९ जणींवरच लक्ष द्यावं का? नाही. साधा हिशोब बघा. खो-खोत एका वेळी ९ जणी मैदानात उतरतात. तुमच्या ९ जणी १४ आणि १७ वर्षांखालच्या दोन वयोगटांत विभागल्या तर एकही संघ पूर्ण होत नाही, आणि एकीचा पाय मुरगळला तर सगळंच बसलं. शिवाय या ९ जणींना घासून तयार केलंत तर उरलेल्या २२ जणींना पक्कं कळेल की ते मैदान आपलं नव्हतंच. या ९ जणींना त्या २२ जणींना परत आणायला लावा. प्रत्येकीकडे दोन-तीन मैत्रिणींचा गट द्या, गटाला नाव ठेवायला सांगा, दर शुक्रवारी गटागटांचे सामने लावा. मुलगी मैत्रिणीसाठी येते. खेळ तिला नंतर धरून ठेवतो.

तालुक्याला मात्र जाच. यंदा कबड्डीचा एक संघ उतरवा, सात जणी खेळतात, ९ जणींत दोन राखीव राहतात. पण त्या एकाच वयोगटात बसतात का ते आधी तपासा. बसत नसतील तर चिठ्ठ्यांनंतर परत आलेल्यांतून संघ पुरा करा. हरलात तरी चालेल, मुलींनाही तसं आधीच सांगून ठेवा. जाताना संघाबाहेरच्या दहा मुलींनाही सामना बघायला घेऊन जा, जेवढी बस भरेल तेवढ्या. पुढच्या वर्षीचा संघ त्या दिवशी प्रेक्षकांत बसलेला असतो.

आणि मुख्याध्यापकांनी प्रगती विचारली तर ढाल दाखवायच्या ऐवजी हजेरीची वही दाखवा. दर महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी आठवी-नववीच्या किती मुली आल्या आणि त्यातल्या किती बसने येणाऱ्या होत्या, हे दोन आकडे लिहून ठेवा. डिसेंबरमध्ये ते मला नक्की कळवा. आणि चिठ्ठ्यांत काय निघालं तेही, नावं न लिहिता.